हाय कोस्ट, स्वीडन – गाईडसह दोन दिवसांची सहल: गाईडला पाचपैकी पाच, डब्याला दोन

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. स्वीडनला कोणाकडे राहायला जाणार असाल आणि दोन दिवस मोकळे असतील, तर स्टॉकहोमचे राजवाडे थोडे बाजूला ठेवा आणि उत्तरेला हाय कोस्टला जा. गाईड घेऊनच जा. गाईडशिवाय गेलात तर छान डोंगर, छान समुद्र, छान फोटो, की परत. चांगला गाईड मिळाला तर हाच बाल्टिक समुद्र गेल्या काही हजार वर्षांत दोनदा गोडा आणि दोनदा खारा कसा झाला, ते दगडमातीत बोट लावून पाहून याल.

कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि कंपनी म्हणजे दोन व्हॅन नि चार माणसं. बुकिंग करताना काय विचारायचं ते खाली लिहिलंय, ते कुठल्याही कंपनीला लागू पडेल.

माझ्याबद्दल एवढंच, की गुहागरला घरामागे आमच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांसाठी. मी आणि हे मिळून चालवतो. त्यामुळे पाहुण्याला काय कबूल केलं आणि हातात काय ठेवलं, याकडे माझं लक्ष जातंच, सुट्टीवर असले तरी. भाचा स्टॉकहोमला नोकरीला आहे, बुकिंग त्याचं. ऑगस्ट संपत आला होता. आम्ही दोघं, भाचा आणि भाचेसून.

स्टॉकहोमहून ई-४ महामार्गानं पाच-सहा तास लागतात. रस्ता उत्तम, पण पहिले तीन तास सूचिपर्णी झाडांशिवाय काही नाही. हेर्नोसांदच्या पुढे ओंगरमान नदीवरचा मोठा झुलता पूल येतो. १९९७ साली वाहतुकीला खुला झाला, मधला एकच गाळा १,२१० मीटरचा. तिथे थांबून चहा घ्यावा. आमची व्हॅन आणि गाईड पुलापाशीच भेटणार होती आणि ठरल्या मिनिटाला भेटली. पन्नाशी ओलांडलेली बाई, इथलीच, पायात जुने बूट, कमरेला सुरा. इंग्रजी स्वच्छ बोलायची. अडलं की भाचा मदतीला होता.

पहिला थांबा पुस्तिकेत नव्हताच. ती आम्हाला नदीच्या काठाला एका तुटलेल्या दरडीपाशी घेऊन गेली. दरड चिकणमातीची, माणसाच्या उंचीची. तिनं सुरा काढून मातीचा वरचा वाळका पापुद्रा तासला आणि ओल्या फडक्यानं जागा पुसली. आत पट्टेच पट्टे! एक फिकट, एक गडद, पुन्हा फिकट, पुन्हा गडद. कुठे बोटभर जाड, कुठे अगदी दोऱ्याएवढे. मी नख लावून पाहिलं. फिकट पट्टा खरखरीत, हाताला रेव लागते. गडद पट्टा गुळगुळीत आणि नखात जो बसला तो संध्याकाळपर्यंत निघाला नाही.

फिकट पट्टा उन्हाळ्याचा. त्या दिवसांत नदी जोरात वाहायची आणि जाडसर गाळ आणून टाकायची. गडद पट्टा हिवाळ्याचा, पाणी गोठून निवांत झालं की बारीक माती तळाशी बसायची. दोन्ही मिळून एक वर्ष. गेरार्ड डे गीर या स्वीडिश भूशास्त्रज्ञानं असे पट्टे ठिकठिकाणी मोजून, एकमेकांशी जुळवून बर्फयुगातला बर्फ कोणत्या वर्षी कुठवर मागे हटला होता त्याची कालगणना बसवली आणि १९१० साली स्टॉकहोमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेत ती मांडली. राग्नार लिडेन यानं तर याच ओंगरमान नदीचं खोरं धरून हजारो पट्टे मोजले. आम्ही चौघांनी हौसेनं मोजायला घेतले, साठाच्या पुढे कोणाचंच एकमत होईना.

इथे गाईडनं जे सांगितलं ते मला सगळ्यात आवडलं. गोड्या पाण्यात बारीक माती तरंगत राहते आणि हिवाळ्यापर्यंत थांबून मग बसते, म्हणून पट्टे स्वच्छ दिसतात. खाऱ्या पाण्यात तेच कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि जाड गाळाबरोबरच खाली जातात. पट्टे पुसट होतात. म्हणजे दरडीतला पट्टा स्पष्ट की फिसकटलेला, एवढ्यावरून त्या वर्षी तिथलं पाणी गोडं होतं की खारं ते कळायला मदत होते. आणि ही माती बसली तेव्हा इथे समुद्राचा फाटा होता. आज त्या तळाशेजारी आम्ही कोरड्या बुटांनी उभे.

तिथून स्कूले डोंगर. पायथ्याला महामार्गालगतच नातुरुम आहे, म्हणजे सरकारी निसर्ग माहिती केंद्र. प्रवेश मोफत, आत स्वच्छ, मुलांना घेऊन जायला चांगलं. आम्ही अर्ध्या तासात बाहेर पडलो कारण वर जायची लिफ्ट खुणावत होती. लिफ्ट म्हणजे तारेवरच्या उघड्या खुर्च्या. यांनी आधी नकोच म्हटलं, मग डोळे मिटून बसले. मला मजा आली.

डोंगर तीनशे मीटरच्याही आतला. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला उंचीचं कौतुक वाटणार नाही. पण माथ्याच्या जरासं खाली २८६ मीटरवर एक खूण आहे, आणि ती पाहायला मी पुन्हा एवढे पैसे देईन. खुणेच्या वर माती आहे. साधी, दगडगोटे मिसळलेली, बर्फानं टाकून दिलेली माती, तिच्यात दाट झाडं. खुणेच्या खाली माती नाही. नागडा खडक आणि घासून गोल झालेले धोंडे. कारण बर्फ इथून हटला तेव्हा, साधारण १०,५०० वर्षांपूर्वी, पाणी या खुणेपर्यंत होतं. डोंगराचा वरचा दहाएक मीटरचा शेंडा तेवढा बेट म्हणून बाहेर. लाटांनी खालची माती धुऊन नेली, बेटावरची राहिली. जगात बर्फयुगानंतर जमीन वर आल्याच्या ज्या खुणा माहीत आहेत, त्यात ही सर्वांत उंच, म्हणून २००० साली युनेस्कोनं हा किनारा जागतिक वारसा यादीत घेतला. २००६ मध्ये समोरचा, फिनलंडचा क्वार्केन द्वीपसमूह त्याला जोडला.

मी एक पाय खुणेच्या वर आणि एक खाली ठेवून फोटो काढून घेतला. ह्यांनी खालचा एक गोटा उचलून खिशात टाकला, गाईडनं तो हसत हसत परत ठेवायला लावला. बरोबरच आहे. आमच्याकडचे शंखशिंपलेही लोक पिशव्या भरभरून नेतात, सांगून दमलो.

आता मुख्य गोष्ट, आणि पुस्तिकेवरची माझी पहिली तक्रार. कंपनीच्या पुस्तिकेत, आणि भाच्यानं फोनवर जे जे उघडून दाखवलं त्या सगळ्यात, एकच पाढा: इथे बर्फ तीन किलोमीटर जाड होता, त्याच्या वजनानं जमीन दबली, बर्फ गेला, जमीन वर येतेय, अजूनही वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर. खरं आहे सगळं. पण ही निम्मी गोष्ट झाली. पाण्याचं काय झालं ते कोण सांगणार? आमच्या गाईडनं सांगितलं, आणि माझे पाच तारे त्यासाठीच आहेत.

डोंगरावरच्या छोट्या घरात वॉफल मिळतो, वर जांभळाचा नाही, क्लाउडबेरी नावाच्या पिवळ्या रानफळाचा मुरंबा. तो खाता खाता तिनं पिशवीतून आठवडाभराच्या गोळ्या ठेवायची प्लास्टिकची डबी काढली. गोळ्यांच्या जागी शिंपले. पहिला कप्पा रिकामा.

रिकामा कप्पा म्हणजे बाल्टिक हिमतळं. उत्तरेला बर्फाची भिंत, दक्षिणेला जमीन, मध्ये वितळलेलं पाणी कोंडलेलं. गोडं, गार, गढूळ, नाव द्यावं असं फारसं काही त्यात जगत नव्हतं. तळ्याची पातळी बाहेरच्या महासागरापेक्षा सुमारे २५ मीटर वर चढली. मग बर्फाची कड मागे सरकत दक्षिण स्वीडनमधल्या बिलिंगेन डोंगराच्या उत्तर टोकापर्यंत आली आणि तिथे वाट मोकळी झाली. साधारण ११,७०० वर्षांपूर्वीची गोष्ट. अख्ख्या तळ्याचं पाणी तिथून पश्चिमेला फुटलं आणि पातळी बाहेरच्या समुद्राला येऊन मिळाली. वर्ष-दोन वर्षांत आटोपलं म्हणतात. धरण फुटल्याची बातमी आपण ऐकतो, इथे समुद्राएवढं तळं फुटलं होतं.

दुसऱ्या कप्प्यात एक पातळ, चपटा शिंपला. योल्दिया. हा आज आर्क्टिकच्या गारठ्यात सापडतो. तळं फुटल्यावर मध्य स्वीडनच्या सखल भागातून, नेर्केच्या बाजूनं, महासागराचं खारं पाणी आत आलं आणि त्याबरोबर हा पाहुणा. समुद्राच्या त्या अवस्थेला नाव त्याचंच. खारेपणा मात्र फार काळ टिकला नाही. बर्फाचं ओझं उतरलेली जमीन भराभर वर येत होती, सामुद्रधुनी उथळ झाली, बंद झाली.

तिसऱ्या कप्प्यात नखाएवढी टोपी. अँसिलस, गोड्या पाण्यातली गोगलगाय, ओढ्यातल्या दगडांना चिकटून राहते. समुद्र पुन्हा तळं झाला होता, अँसिलस तळं. स्कूले डोंगराच्या २८६ मीटरवर ज्या लाटा आपटल्या त्या या तळ्याच्या. म्हणजे तिथे जी 'समुद्राची' सर्वांत वरची खूण म्हणून सगळे फोटो काढतात, ती गोड्या पाण्याची आहे. हे कुठल्या फलकावर ठळक लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. त्याआधीच्या दोन अवस्था तर इथे आल्याच नाहीत, तेव्हा इथे डोक्यावर बर्फच होता. ते सगळं दक्षिणेत घडलं.

इथे भाच्यानं चांगला प्रश्न विचारला. जमीन वर येते तर पाणी कमी व्हायला हवं, मग तळ्याच्या काळात दक्षिणेचे किनारे बुडाले का? बुडाले. दक्षिण स्वीडनच्या हावेंगजवळ समुद्रतळाशी त्या काळच्या पाइनच्या झाडांचे बुंधे अजून सापडतात. गाईड म्हणाली, जमीन सगळीकडे सारखी उठत नव्हती. जिथे बर्फ जाड होता तिथे, म्हणजे उत्तरेला, जास्त. दक्षिणेला कमी. मला लगेच परात दिसली. आमटी ओतलेली परात एका बाजूनं उचलली की दुसऱ्या काठाला पाणी चढतं, इथे एवढंच झालं. तिला हे सांगितलं, आमटी म्हणजे काय ते समजावण्यात पाच मिनिटं गेली, पण पुढच्या गटाला सांगीन म्हणाली.

चौथ्या कप्प्यात जाडजूड, गोलसर शंख. लिटोरिना. तोवर उत्तर अमेरिकेवरची आणि इतरत्रची हिमचादर वितळून जगभरचे महासागर चढले होते, आणि हे पाणी डेन्मार्कच्या चिंचोळ्या खाड्यांतून आत घुसलं. बाल्टिक पुन्हा खारा झाला, आजच्यापेक्षा खूपच खारा. मग उरलेल्या हजारो वर्षांत त्या खाड्या हळूहळू उथळ होत गेल्या, नद्यांचं गोडं पाणी येत राहिलं आणि खारेपणा उतरत आला. लिटोरिना शंख आज या किनाऱ्याला जगूच शकत नाही, मीठ पुरत नाही त्याला.

याच वितळलेल्या पाण्यानं आपलाही किनारा बुडवलाय, हे सांगायला हवं. बर्फयुग ऐन भरात असताना जगभरचा समुद्र साधारण १२० मीटर खाली होता, कोकणाची किनारपट्टी आजच्यापेक्षा खूप पश्चिमेला होती. आपल्याकडे पाणी चढलं आणि जमीन होती तिथेच राहिली. इथे पाणी चढलं, पण जमीन त्याच्याही पुढे गेली.

कॅस्पियन आणि काळ्या समुद्राबद्दलही तिनं सांगायला घेतलं होतं. उत्तरेच्या बर्फाचं पाणी व्होल्गातून उतरून कॅस्पियन एवढा फुगला की आज महासागरापेक्षा खाली असलेला तो समुद्र तेव्हा कितीतरी मीटर वर चढला आणि मानिचच्या खोलगट वाटेनं काळ्या समुद्रात सांडला. पण लिफ्ट बंद व्हायची वेळ आली आणि गोष्ट अर्धीच राहिली. या सहलीत वेळेचं गणित कच्चं आहे. वर दीड तास हवा, देतात पाऊण.

दुपारचा भाग स्कूलेस्कूगेन राष्ट्रीय उद्यान, १९८४ साली झालेलं. पुस्तिकेत 'सोपी चाल' लिहिलंय. सोपी कोणाला? जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर, त्यात मुळं, ओल्या फळ्या आणि गोट्यांची पठारंच्या पठारं. ही गोट्यांची पठारं म्हणजे जुने किनारे. झाडीत मध्येच लख्ख गोल धोंडे पसरलेले, लाटांनी घासलेले, वर करडी दगडफुलं, आणि समुद्र तिथून दिसतही नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्या. माझे गुडघे दोन दिवस बोलत होते.

शेवटी स्लोतदालची घळ येते. दोनशे मीटर लांब, चाळीस मीटर खोल, रुंदी सात-आठ मीटर, दोन्ही अंगांना तासल्यासारखा सरळ लालसर खडक. मधला काळा, ठिसूळ दगड झिजून गेला, ही घळ राहिली. आत गारवा. इथे मात्र गर्दी होती आणि जो तो हात पसरून फोटो काढत होता, आम्हीही काढले. मला घळीपेक्षा वाटेतल्या दगडांच्या राशी जास्त आवडल्या. कांस्ययुगातल्या लोकांची थडगी, तीनेक हजार वर्षांपूर्वीची. त्यांनी ती अगदी समुद्राच्या काठाला बांधली होती, होडीतून दिसावीत म्हणून असणार. आज ती समुद्रापासून तीसेक मीटर उंचावर, झाडांच्या मध्ये बसली आहेत. भाचेसून म्हणाली, "मावशी, ही माणसं परत आली तर पत्ता चुकतील." गाईडला ते इंग्रजीत सांगितलं, तिला फार आवडलं.

आता डबा. बुकिंग करताना 'शाकाहारी एक' असं स्पष्ट लिहिलं होतं. भाचेसुनेला मिळाला पावाचा एक तुकडा, चीज, काकडीच्या चार चकत्या आणि एक सफरचंद. आठ किलोमीटर चालणाऱ्या माणसाला! आम्हाला तिघांना सामन मासा घातलेला पाव, तो बरा होता. कंपनीकडे विचारलं तर उत्तर आलं, चीज शाकाहारीच असतं. असेल हो, पण ते जेवण नसतं. आमच्या खोल्यांत जैन पाहुणे येतात तेव्हा मी कांदा-लसणाशिवाय तीन भाज्या करते, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. सुदैवानं माझ्या पिशवीत मेथीचे ठेपले होते. गाईडनंही दोन खाल्ले.

राहण्याची सोय ठीक. लाकडी खोल्या, स्वच्छ, पलंग अरुंद. उशिरापर्यंत उजेड असतो, पडदे पातळ आहेत. याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी शॉपमानहोल्मेनहून बोटीनं त्रीसुंदा बेटावर. हा दिवस माझ्या आवडीचा, कारण समुद्र कळतो आपल्याला. धक्क्यावर उभी राहिले आणि पहिल्यांदा जाणवलं ते हे, की भरती-ओहोटीची रेघच नाही कुठे. आपल्याकडे खडपावर कालवांचा पट्टा, शेवाळाचा पट्टा, ओला पट्टा, वाळका पट्टा, सगळं एकावर एक दिसतं. इथे पाणी संपतं तिथे थेट खडक आणि गवत. बाल्टिकला भरती जवळजवळ नाहीच. महासागराशी जोडणारी वाट एवढी अरुंद आहे की भरतीची लाट आत पोचत नाही. वासही नाही. खारा वारा नाही, ओठांवर मीठ नाही. चूळ भरून पाहिली तर खारटपणा जेमतेम कळला. महासागरात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, इथे पाच-सहा. म्हणून एकाच जाळ्यात समुद्रातला हेरिंग आणि तळ्यातले पर्च मासे दोन्ही येतात. एका कोळ्याच्या क्रेटमध्ये शेजारी-शेजारी पाहिले, आपल्याकडे बांगडा आणि कटला एका जाळ्यात आल्याचं कोणी सांगितलं तर आपण हसू.

गाईडनं पाण्यात हात घालून एका दोरीला चिकटलेले शिनाणे काढून दाखवले. पूर्ण वाढलेले, आणि लांबी तीन सेंटिमीटरच्या आत. मीठ कमी म्हणून वाढ खुंटते. तिच्या डबीचा पाचवा कप्पा यांचा होता. आजचा समुद्र.

बेट सुंदर आहे. लाल रंगाच्या होड्यांच्या शेडा, सतराव्या शतकातलं लाकडी छोटं चर्च, गुळगुळीत लाल खडक. गाडी नाही, गोंगाट नाही. जवळच उल्व्योन बेटालगत समुद्र सुमारे २९० मीटर खोल आहे, म्हणजे किनाऱ्यावरचा डोंगर जेवढा वर तेवढाच समुद्र खाली. या किनाऱ्याला बंदर कायमचं नसतं, हे बोटवाल्यानं सांगितलं. तळ वर येतो, धक्का पुढे सरकवावा लागतो. पार उत्तरेला लुलेओ नावाचं गाव १६२१ मध्ये वसवलं आणि बंदर उथळ झालं म्हणून १६४९ मध्ये अख्खं गावच समुद्राकडे हलवलं. आणखी दोनेक हजार वर्षांत क्वार्केनची सामुद्रधुनी इतकी उथळ होईल की तिच्या उत्तरेचा समुद्र तुटून तळं होईल, असा अंदाज आहे. म्हणजे अजून एकदा गोडा.

सील दिसतील असं जाहिरातीत फोटोसकट होतं. एकही दिसला नाही. त्याबद्दल तक्रार नाही, जनावरं काही कंपनीची नोकर नाहीत, पण मग 'हमखास' हा शब्द काढा. बोटीवर गाईडनं त्याचीही गोष्ट सांगितली. अंगावर कड्यांची नक्षी असलेले हे सील बर्फाळ समुद्राचे रहिवासी, बर्फयुगानंतर बाल्टिकमध्ये आले आणि राहिले. जमीन उठल्यावर त्यांच्यातले काही फिनलंडच्या सायमा तळ्यात अडकले. आजही त्या गोड्या पाण्यात त्यांचे वंशज आहेत, समुद्र न पाहिलेले.

खरी तक्रार उल्व्योनची. दोन बेटं दाखवतो म्हणून पैसे घेतले आणि एकच दाखवलं. वारा होता, मान्य. आमच्याकडे वारा असला तर आम्हीही पाहुण्यांना होडीत बसवत नाही. पण मग त्या बेटाचे पैसे परत द्यावेत. निम्मेच दिले, तेही भाच्यानं तीन मेल केल्यावर.

जेवणाला सुरस्त्रोमिंग चाखायला देतात. आंबवलेला हेरिंग, डब्यातला. दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी नव्या डब्यांचा हंगाम सुरू होतो, आम्ही लगेच नंतर गेलो होतो. मीठ महाग होतं तेव्हा माशाला कमी मीठ लावायचे, मासा सडायचा नाही, आंबायचा. डबा फुगलेला असतो, बाहेर अंगणातच उघडतात आणि उघडताना फस्सकन पाणी उडतं. वास... मी जन्मभर सुकटीच्या वासात वाढलेली बाई, मीही दोन पावलं मागे गेले. हे तर थेट धक्क्यावर जाऊन उभे राहिले. पण पातळ भाकरीत उकडलेला बटाटा, कच्चा कांदा आणि माशाचा नखभर तुकडा असा गुंडाळून दिला तेव्हा चव आवडली. खारट, आंबट, शेवटी जराशी गोडसर. दुसरी गुंडाळी मागून घेतली. आवडणार नाही त्यांना सूप ठेवतात, तेही सामनचं, भाचेसुनेला पुन्हा बटाटा-कांदा.

एक सूचना कंपनीला मेलमध्ये लिहिली आहे, इथेही लिहिते. स्टॉकहोमहून येताना वाटेत येव्ले शहर लागतं. त्याच्याजवळ लोव्हग्रुंड बेटावर आंदेर्श सेल्सियसनं, हो, तोच तापमापकाचा, १७३१ साली खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरून ठेवली. त्याला वाटायचं पाणीच कमी होतंय. १८३४ मध्ये भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल इंग्लंडहून मुद्दाम अशा खुणा पाहायला आला आणि जमीन उठतेय हे मान्य करून गेला. बर्फाच्या वजनानं जमीन दबते ही कल्पना त्याही नंतरची, १८६५ मध्ये स्कॉटलंडच्या जेमिसननं मांडली. ही गोष्ट व्हॅनमध्ये बसल्या-बसल्या सांगता येईल. त्याऐवजी येताना स्पीकरवर रेकॉर्ड केलेली टेप लावली होती, तिच्यात पुन्हा तेच तीन किलोमीटर आणि आठ मिलिमीटर.

तर बुकिंग करताना हे विचारा. गाईड स्थानिक आहे का, आणि 'योल्दिया, अँसिलस, लिटोरिना' यातलं काही सांगणार आहे का. हो म्हटलं तर जा, काय विचारताय असं म्हटलं तर दुसरी कंपनी बघा. वारा असला तर बेटाचे पूर्ण पैसे परत मिळतात का, ते लेखी घ्या. खुर्च्यांची लिफ्ट जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात, म्हणून स्कूले डोंगर पहिल्या दिवशी सकाळीच करा, राहिला तर दुसरा दिवस हाताशी असतो. बूट घोट्यापर्यंतचे हवेत. ऑगस्टच्या शेवटाला डास कमी असतात, जुलैत फार असतात असं गाईड म्हणाली. शाकाहारी असाल तर डबा घरून न्या, ठेपले दोन दिवस टिकतात, दशम्या तीन.